जुन्या थीम पार्कच्या जाहिराती बघून पोटात गोळा का येतो?

प्रश्न असा आला आहे: "रात्री दोन वाजेपर्यंत जुन्या अमेरिकन थीम पार्कच्या टीव्ही जाहिराती बघत बसलो होतो. हसणारी मुलं, फुगे, मुखवटे घालून नाचणारी माणसं. घाबरण्यासारखं काहीच नव्हतं, तरी लाइट चालू ठेवून झोपलो. त्या मुद्दाम तशा केल्या होत्या, की आपल्यालाच आता तशा वाटतात? आणि एका जाहिरातीत विदूषक कॅमेऱ्यात बघून 'तू इथून परत जाणार नाहीस' म्हणतो. १९७८ ची आहे म्हणे. मोबाइल आडवा धरला की चित्र पूर्ण पडदा भरून दिसतं, आणि पार्कचं गाव, वेळ, तिकिटाचा भाव काहीच येत नाही. ती खरी का?"

विदूषकाचं शेवटी सांगतो. आधी बाकीचं.

मी १९९१ पासून १७ वर्षं मुंबईत जाहिरातींचं एडिटिंग केलं. टूथपेस्ट, पंखे, साड्या आणि मधूनमधून एखाददुसरा वॉटर पार्क. त्यानंतर आजतागायत जुन्या टेपा साफ करून डिजिटल करून देतो. लोक लग्नाच्या कॅसेटी आणतात, कंपन्या गोदामातली खोकी पाठवतात. आधी जाहिरातींच्या बारशाला असायचो, आता त्यांचं उत्तरकार्य करतो असं म्हणा.

मुद्दाम केल्या होत्या का? बहुतेक नाही. ज्याला शनिवार-रविवारची हजारो तिकिटं खपवायची आहेत, तो पोरांना घाबरवायला पैसे कशाला मोजेल? पण तुम्हाला वाटलं तो भासही नाही. त्या तीस सेकंदांत खटकणारं काहीतरी खरोखर असतं आणि ते बहुधा एडिटिंगच्या टेबलावरच आत शिरतं. कात्री कुठे लावली, यावर सगळं आहे.

पहिली कात्री आवाजाला. रोलर कोस्टरवर कॅमेरा बांधला की माइकमध्ये दोनच गोष्टी येतात: वारा आणि रुळांचा खडखडाट. तो आवाज वापरण्यासारखा नसतो, म्हणून तो सरळ काढून टाकायचा. त्याच्या जागी जिंगल, जिंगलवर खणखणीत पुरुषी व्हॉइसओव्हर, आणि फारच रिकामं वाटलं तर साउंड लायब्ररीतल्या किंकाळ्या. पडद्यावर पन्नास तोंडं उघडी आणि ऐकू येणारे आवाज चार बायकांचे, तेही कुठल्या तरी बंद स्टुडिओत कधीतरी रेकॉर्ड केलेले. पार्कात प्रत्यक्ष जे ऐकू येतं ते म्हणजे चपलांची फरफर, पाण्याचा धबधबा, कुणाचं तरी भोकाड, "बंटीऽऽ, हात सोडू नको". त्यातलं काहीही उरत नाही. डोळ्यांना जत्रा दिसते आणि कानांना रिकामी खोली. मेंदू हा हिशेब बरोबर पकडतो, फक्त काय चुकलं ते त्याला सांगता येत नाही. करून बघा: तीच जाहिरात आवाज बंद करून बघितली की भीती निम्म्यावर येते.

दुसरी कात्री चेहऱ्याला. हे मात्र जवळून दाखवतो, कारण ते मी माझ्या हाताने केलेलं आहे.

१९९३ साल असावं. एका वॉटर पार्कचं काम होतं, नाव राहू द्या. मी असिस्टंट होतो, समोर यू-मॅटिक कॅसेटच्या दोन एडिटिंग मशिनी. रशेसमध्ये, म्हणजे शूटिंगच्या कच्च्या टेपमध्ये, एका सात-आठ वर्षांच्या मुलीचा शॉट होता. पाळणा वरून खाली येतोय, केस उडताहेत, ती तोंड भरून हसतेय. सुरेख शॉट. आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीत सेकंदाला पंचवीस फ्रेम असतात. ती मुलगी साधारण तीस फ्रेम हसते. एकतिसाव्या-बत्तिसाव्या फ्रेमला खालचा ओठ थोडा बाहेर येतो, नजर कॅमेरा सोडून खाली कुणाला तरी शोधायला लागते आणि चाळिसाव्या फ्रेमपर्यंत चक्क रडकुंडीला आलेली असते. पाळणा खाली येताना जो गोळा पोटात येतो, तोच तो. मी शॉट तीस फ्रेमला सोडला होता. आमचे सीनियर मागून बघत होते. म्हणाले, "अरे, हसू उतरायला लागलंय. वर असतानाच सोड." आणि त्यांनी तो बारा फ्रेमचा केला. जेमतेम अर्धा सेकंद.

धंद्याच्या दृष्टीने ते शंभर टक्के बरोबर होते. पण आता अशा वीस शॉटची माळ करा. तीस सेकंदांत वीस चेहरे, प्रत्येक हसू अगदी शिगेला, आणि एकही हसू उतरत नाही. खऱ्या माणसाचं हसू ओसरतं, माणूस श्वास घेतो, घाम पुसतो, इकडेतिकडे बघतो. जाहिरातीतला चेहरा त्याआधीच गायब होतो. मुखवट्यांना आपण का बिचकतो? त्यांचं हसू उतरत नाही म्हणून. जिवंत मुलांच्या चेहऱ्यांना आम्ही तोच गुण चिकटवत होतो आणि वर त्याला एनर्जी म्हणत होतो.

रिकाम्या पार्कची गोष्टही अशीच. शूटिंग सकाळी, गेट उघडायच्या आत. गिऱ्हाईक आत आलं की कोण कॅमेऱ्यात बघतो, कोण हात हलवतो, कोण भांडायला येतो. त्यामुळे वीस-पंचवीस मुलं आणायची आणि तीच सगळ्या राइड्सवर फिरवायची. नीट बघितलंत तर लाल टोपीवाला एकच मुलगा बंपर कारमध्येही आहे, घसरगुंडीवरही आणि मागे आइसक्रीम खातानाही. सावल्या लांबलचक पडलेल्या, कारण सूर्य खाली. मागचे रस्ते ओस. तुम्ही हे सगळं मनात नोंदवता. फक्त त्याचा अर्थ "सकाळचे सात वाजलेत" असा लागत नाही, "इथली बाकीची माणसं गेली कुठे" असा लागतो.

आता टेपबद्दल. तुम्ही नेटवर जे बघता ती मूळ जाहिरात नसते. ती झेरॉक्सच्या झेरॉक्सची झेरॉक्स असते. बऱ्याच अमेरिकन जाहिराती पस्तीस किंवा सोळा मिलिमीटर फिल्मवर शूट व्हायच्या. तिथून टेपवर, टेपवरून स्टेशनात, स्टेशनातून हवेत, हवेतून कुणाच्या तरी अँटेनावर आणि तिथून व्हीएचएस कॅसेटवर. जाहिरात कुणीच मुद्दाम रेकॉर्ड करत नव्हतं. सिनेमा रेकॉर्ड करताना ती जाळ्यात सापडली आणि वाचली. त्यात माणसं काटकसरी. एका कॅसेटमध्ये दोनऐवजी सहा तास बसावेत म्हणून टेप एक तृतीयांश वेगाने चालवायची. मग ती कॅसेट तीस वर्षं गॅरेजमध्ये उन्हा-थंडीत.

व्हीएचएसवर उजेड-अंधाराचा तपशील आडव्या दिशेने साधारण २४० रेषांचा राहतो. रंगाचा तर त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाइतका. म्हणून ओठांचा लाल रंग ओठांत मावत नाही, गालावर सांडतो. कॉपीची कॉपी करताना अंधाऱ्या भागातला तपशील आधी मरतो. म्हणजे डोळे जातात आणि खोबणी उरतात. आवाजाचं तेच. मंद वेगावर टेप जरा ताणली गेली की सूर हेलकावे खातो, आणि आनंदी जिंगल खोल विहिरीतून आल्यासारखी वाटते. स्थानिक स्टेशनांनी स्वस्तात केलेल्या जाहिराती तर फिल्मवर नसायच्याच. त्या नळीच्या कॅमेऱ्यावर असायच्या, म्हणजे आत चिपऐवजी काचेची नळी असलेल्या जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर. त्या कॅमेऱ्यांत झगझगीत दिवा हलला की मागे शेपूट राहायचं. रात्रीच्या जायंट व्हीलचे दिवे धुमकेतूसारखे ओघळताना दिसतात ते त्यामुळे. हा सगळा काळाचा आणि कंजूषपणाचा मेकअप आहे. यात जाहिरात करणाऱ्याचा काडीचा हात नाही. त्याच जाहिरातीची नीट ठेवलेली फिल्म हाती लागली, तर ती इतकी गुळगुळीत आणि कंटाळवाणी दिसते की तुम्हाला झोप लागेल.

कात्री न लागलेला नमुना बघायचा असेल तर १७ जुलै १९५५ चं डिस्नेलँडचं उद्घाटन बघा. एबीसी या अमेरिकन टीव्ही कंपनीने ते थेट दाखवलं. त्यामागचा व्यवहार मोठा गमतीचा आहे. वॉल्ट डिस्नीला पार्कसाठी पैसे हवे होते आणि एबीसीला चालेल असा कार्यक्रम हवा होता. एबीसीने ५ लाख डॉलर घातले, ४५ लाखांच्या कर्जाला हमी दिली, पार्कात एक तृतीयांशाहून थोडा जास्त हिस्सा घेतला आणि वर डिस्नीकडून दर आठवड्याचा कार्यक्रम कबूल करून घेतला. तो कार्यक्रम २७ ऑक्टोबर १९५४ ला सुरू झाला, नावच 'डिस्नेलँड'. पार्क उभा राहायच्या नऊ महिने आधीपासून दर आठवड्याला तासभर त्याची जाहिरात, आणि लोक ती करमणूक म्हणून बघत होते. आमच्या धंद्यात यापेक्षा मोठी युक्ती क्वचितच कुणी केली असेल.

उद्घाटनाच्या दिवशी मात्र सगळा बोजवारा. पारा ३८ अंशांच्या आसपास, ताजं डांबर मऊ पडून बायकांच्या उंच टाचा त्यात रुतत होत्या. प्लंबरांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ पुरेसे नव्हते. बनावट पास घेऊन माणसं घुसली. सूत्रसंचालक तिघं, त्यांतला एक रोनाल्ड रेगन, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला. टुमॉरोलँड या पार्कातल्या विभागाची पाटी वाचायला खुद्द वॉल्ट डिस्नी उभा राहिला, वाचता वाचता थांबला, कॅमेऱ्यामागच्या माणसाशी बोलला, "मला वाटलं मला इशारा मिळाला" असं काहीसं म्हणाला आणि पहिल्यापासून वाचायला लागला. तंत्राच्या दृष्टीने लाजिरवाणं. पण बघताना भीती वाटते का? अजिबात नाही. माणसं चुकताहेत, घामाघूम झालीत, आवाज तिथलाच आहे. आपल्या गावच्या उरुसाचं लाउडस्पीकरवाल्याने केलेलं निवेदन ऐकल्यासारखं वाटतं.

त्यातला एकच भाग आजही नकोसा वाटतो: मुखवटे. उद्घाटनाला मिकी-मिनीचे जे पोशाख वापरले ते पार्कचे नव्हतेच, आइस कॅपेड्स या बर्फावरच्या नृत्याच्या कंपनीकडून आणलेले. ते स्टेडियममध्ये लांब बसलेल्या प्रेक्षकांसाठी शिवलेले. टीव्ही कॅमेरा हातभर अंतरावर गेला आणि त्या डोळ्यांत काहीच नाही हे घरोघरी दिसलं. लांबून बघायची वस्तू जवळून दाखवली की असं होतं. आपल्याकडे दशावतारात राक्षस पेट्रोमॅक्सच्या उजेडात मागच्या रांगेतून बघा आणि तोच सकाळी रंग अर्धवट पुसलेला, ओट्यावर चहा पिताना बघा. लहानपणी मला दुसऱ्याची जास्त भीती वाटायची.

आता अपवाद. जिथे विचित्रपणा ठरवून केला, त्यांतलं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण अगदी जुनंही नाही. २००४ मध्ये सिक्स फ्लॅग्ज या पार्क साखळीने 'मिस्टर सिक्स' आणला. टक्कल, काळा सूट, लाल बो, जाड काळा चष्मा. बसमधून एक म्हातारा पाय ओढत उतरतो, क्षणभर थिजतो आणि मग व्हेंगाबॉइज या पॉप ग्रुपच्या गाण्यावर अंगात आल्यासारखा नाचतो. आत होता तरुण नर्तक. चेहरा ऐंशीचा, गुडघे पंचविशीचे. जपानी यंत्रमानवतज्ज्ञ मासाहिरो मोरी याने १९७० मध्ये मांडलं होतं की जवळजवळ माणसासारखी पण पुरती माणूस नसलेली आकृती आपल्याला सगळ्यांत जास्त अस्वस्थ करते. मिस्टर सिक्स हा त्याचा चालता-नाचता धडाच. लोकांना तो आवडलाही आणि कित्येकांच्या स्वप्नातही आला. पुढच्याच वर्षाअखेर कंपनीचं नियंत्रण बदललं आणि नव्या मंडळींनी त्याला घरी बसवलं. २००९ मध्ये त्याला परत आणलं, त्याच वर्षी कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही, पण योगायोग नोंदवल्याशिवाय राहवत नाही.

दुसरा अपवाद इंग्लंडच्या ऑल्टन टॉवर्स या पार्कचा. नव्वदच्या दशकापासून त्यांच्या जाहिरातींना ग्रीग या संगीतकाराची 'पर्वतराजाच्या दरबारात' ही धून. हळूहळू सुरू होऊन मानगुटीवर बसणारी. तिथे गिऱ्हाईक बदललं होतं. आईचं बोट धरून येणाऱ्या पोराऐवजी मित्रांबरोबर येणारा सोळा वर्षांचा टोणगा हवा होता, आणि त्याला भीती विकत हवी असते.

इथपर्यंतचं सगळं तंत्र आणि धंद्याच्या सवयी. पण काही जाहिराती तंत्रामुळे नव्हे, त्यांच्या पलीकडे काय घडलं ते आपल्याला ठाऊक असल्यामुळे बघवत नाहीत.

न्यू जर्सीतल्या व्हर्ननचा ॲक्शन पार्क घ्या. १९७८ ते १९९६. मालक जीन मल्विहिल. न्यूयॉर्क परिसरातल्या टीव्हीवर त्याच्या जाहिराती चालायच्या: उन्हाळा, पाणी, गाड्या, उड्या, जगात असं दुसरं काही नाही अशी घोषणा. घोषणा खोटी नव्हती. पूर्ण उलटा गोल फिरवणारी बंद नळीची पाण्याची घसरगुंडी दुसरीकडे कुठे होती? ती जेमतेम महिनाभर चालली. पार्कात सहा माणसं मेली: कुणी लाटांच्या तलावात बुडून, कुणी विजेच्या धक्क्याने, कुणी उतारावरच्या गाडीवरून उडून. स्थानिक लोक त्याला 'ट्रॅक्शन पार्क' म्हणायचे, म्हणजे हाडं मोडून वजनं लावून घेण्याची जागा. मालकाने विम्यासाठी स्वतःच बनावट कंपनी काढली होती आणि १९८४ मध्ये त्या प्रकरणात गुन्हा कबूल केला. जाहिरातीतला लाटांचा तलाव आता बघा. दिसायला तोच निळा.

किंवा सॅन डिएगोचं सीवर्ल्ड हे सागरी प्राण्यांचं पार्क, एप्रिल १९७१. प्रसिद्धीच्या चित्रीकरणासाठी ऑफिसातल्या एका कर्मचारी तरुणीला बिकिनी घालून शामू नावाच्या ऑर्काच्या, म्हणजे किलर व्हेलच्या, पाठीवर बसवलं. ती पाण्यात पडली. ऑर्काने तिचा पाय धरला आणि सोडेना. काठावरच्या माणसांनी ओढून काढलं तेव्हा सुटली. कॅमेरे चालू होते. जे रीळ जाहिरातीसाठी फिरत होतं त्याच रिळावर हे आलं. त्याच वर्षी ती पहिली शामू मेली. नाव मात्र मेलं नाही. पुढच्या ऑर्कांना तेच नाव देत राहिले. त्यामुळे जाहिरातींत शामू वर्षानुवर्षं तशीच उड्या मारताना दिसते, म्हातारी होत नाही. मी त्या कंपनीचा एडिटर असतो तर मीही तो तुकडा कापला असता. आमच्या कामाचा पहिलाच धडा तो.

आणि मग एक कात्री अशी, जी कुठल्याही टेबलावर लागत नाही.

१६ एप्रिल १९६३. मार्टिन ल्यूथर किंग अमेरिकेतल्या बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून पत्र लिहीत होते. "जरा थांबा, घाई करू नका" असं सुचवणाऱ्या गोऱ्या धर्मगुरूंना उत्तर. थांबणं का शक्य नाही हे सांगताना मोठमोठ्या अत्याचारांच्या मधोमध त्यांनी एक घरगुती प्रसंग घातला आहे. सहा वर्षांची मुलगी विचारते, टीव्हीवर आत्ताच ज्या पार्कची जाहिरात लागली तिथे आपण का नाही जायचं? बापाची जीभ अडखळते. पार्कचं नाव फनटाउन, अटलांटातलं. काळ्या मुलांना तिथे मज्जाव. तिच्या डोळ्यांत पाणी येतं.

त्या जाहिरातीत काय दाखवलं होतं याला काही महत्त्व नाही. असतील घोडे, दिवे, बुढ्ढी के बाल. टीव्ही कुणाच्या घरात लागला आहे हे बघत नाही, सगळ्यांना सारखंच "या, या" म्हणतो. निवड गेटवरचा माणूस करतो. थीम पार्कची जाहिरात मुळात मुलाशी बोलते, कारण मूल हट्ट धरतं आणि हट्टामागे बापाचं पाकीट येतं. ती यंत्रणा इथेही चोख चालली. मुलीने हट्ट धरला. न्यू जर्सीच्या पॅलिसेड्स पार्कची जिंगल साठच्या दशकात तिथल्या पोरासोरांच्या तोंडी होती. त्याच पार्कचा पोहण्याचा तलाव चाळीसच्या दशकात 'क्लबच्या सभासदांसाठी' या सबबीखाली काळ्या लोकांना बंद होता आणि त्यावरून गेटवर निदर्शनं झाली होती. तेव्हा जुन्या अमेरिकन जाहिरातीत सगळी मुलं एकाच रंगाची दिसली तर आधी साल बघा. तुम्हाला जे "काहीतरी चुकतंय" वाटतं त्याला कधीकधी इतकं साधं कारण असतं. सिक्स फ्लॅग्ज हे नावसुद्धा टेक्सासवर फडकलेल्या सहा झेंड्यांवरून आलेलं, आणि त्यांतला एक गुलामगिरीसाठी लढलेल्या दक्षिणेकडच्या राज्यसंघाचा. तो पार्कातून २०१७ मध्ये उतरला. डिस्नेलँडमध्येही सुरुवातीला आँट जेमायमा नावाचं पॅनकेकचं हॉटेल होतं आणि त्या नावाची, डोक्याला रुमाल बांधलेली काळी बाई हसून पाहुण्यांचं स्वागत करायची. तेव्हा कुणाला खटकलं नाही म्हणतात. म्हणजे ज्यांना विचारलं त्यांना नाही खटकलं.

आपण फार वर चढून बोलायला नको. मुंबईत मुलं निवडताना फोनवर "जरा उजळ बघा हं" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की मोजदाद नाही. आणि फोन ठेवल्यावर आम्ही तशीच मुलं बघायचो. त्या पाळण्यातल्या मुलीची निवडही तशीच झाली होती.

आता आपल्या घरची जाहिरात. १९८९ मध्ये गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झालं. मार्वेहून किंवा गोराईच्या खाडीवरून फेरीबोटीने जायचं. सुभाष चंद्रांच्या एस्सेल समूहाचं, आणि त्याच समूहाने १९९२ मध्ये झी टीव्ही काढला. डिस्नीने पार्कसाठी टीव्हीचा हात धरला, आपल्याकडे पार्कवाल्यानेच पुढे टीव्ही काढला. त्या पार्कची जिंगल हिंदी, पण गिरगाव, डोंबिवलीपासून नाशिकपर्यंतच्या मराठी घरांत ती कुणाला येत नाही? आता तिचा मजकूर चाल काढून फक्त वाचा. एक मूल ठासून सांगतंय की मी इथेच राहणार, घरी जाणार नाही, नाही म्हणजे नाही. रात्री दोन वाजता, विटलेल्या टेपवर, सूर जरा खाली ओढून ऐकवलं तर भुताच्या सिनेमाची सुरुवात. तेव्हा मात्र आम्ही ते अंगणात नाचत म्हणायचो आणि आई आतून ओरडायची, "परीक्षा झाल्यावर बघू!" परीक्षा झाल्यावर तिकीट महाग आहे असं कळायचं. ते दुःख वेगळं, फनटाउनशी त्याची तुलना करायची नाही. आम्हाला गेटवर कुणी अडवलं नसतं.

हे सांगायचं कारण तुमचा विदूषक. "तू इथून परत जाणार नाहीस" हे वाक्य एस्सेलवर्ल्डच्या पोराच्या वाक्याचं सख्खं भावंड आहे. फक्त बोलणारा बदलला. खऱ्या जाहिरातीत हे मूल म्हणतं, कारण मुलाने हट्ट करायचा आहे. बनवलेल्या जाहिरातीत ते विदूषक म्हणतो, कारण तुम्ही घाबरायचं आहे. गेली काही वर्षं जुन्या टेपसारखे दिसणारे भीतीचे व्हिडिओ बनवण्याचं मोठंच खूळ आहे, ॲनालॉग हॉरर म्हणतात त्याला. काही पोरं फार हुशारीने करतात.

तुम्ही लिहिलंय की चित्र मोबाइल आडवा धरल्यावर पूर्ण पडदा भरून दिसतं. १९७८ चा टीव्ही चारास तीन मापाचा. बाजूला काळ्या पट्ट्या तरी हव्यात नाहीतर डोकी-पाय कापलेले तरी. खऱ्या व्हीएचएसच्या अगदी तळाशी एक बारीक, वाकडी, थरथरती पट्टी असते. मशीनमधलं टेप वाचणारं एक हेड सोडून दुसरं हेड वाचायला लागतं, त्या सांध्याची ती खूण. टीव्हीवर ती चौकटीमागे झाकली जायची, कॉम्प्युटरवर उघडी पडते. नकली करणारे खरखर वरून टाकतात आणि ही पट्टी विसरतात. मग खरखर बघा: दर चार-पाच सेकंदांनी तोच ओरखडा त्याच जागी आला तर ती विकत घेतलेली खरखर आहे. लाल रंग बघा: खऱ्या टेपवर तो बहुतेक एकाच बाजूला, उजवीकडे सांडतो, नकलीत चारी बाजूंनी धुरकट पसरतो. आवाज ऐका: चित्र मरणोन्मुख आणि विदूषकाचा श्वाससुद्धा स्वच्छ ऐकू येतोय, असं टेपवर होत नाही. यातली एखादी खूण खऱ्या टेपमध्येही चुकू शकते. सगळ्या एकदम चुकल्या तर मात्र बोलायला नको.

आणि यंत्र बाजूला ठेवून एक साधी गोष्ट. खरी जाहिरात कितीही भयाण दिसली तरी तिच्या शेवटच्या पाच सेकंदांत रुक्ष माहिती कोंबलेली असते. कोणत्या हायवेवरून कुठे वळायचं, कधीपासून कधीपर्यंत उघडं, शीतपेयाचा रिकामा कॅन आणलात तर किती सवलत, बारा वर्षांखालच्यांना काय भाव. आम्ही त्या ओळींसाठी क्लायंटशी भांडायचो, कारण त्या अक्षरांनी चांगला शॉट झाकला जायचा, आणि दर वेळी हरायचो. तुमच्या विदूषकाच्या जाहिरातीत पार्कचं गाव नाही, वेळ नाही, तिकिटाचा भाव नाही. असा पार्कवाला मी तरी अजून पाहिलेला नाही. लाइट बंद करून झोपा.